उलटं झाकण

कुसुमला कामाला मीच लावून दिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी तोंड वर करून विचारायला नको. माझ्या भावाची, रविंद्रची बायको. अमरावतीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली पोरगी घरात बसून काय करणार, म्हणून मीच आमच्या बर्डीवरच्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकांना म्हटलं, घ्या हिला. घेतली. वर्ष सरलं नाही तर क्लासमधली पोरं मलाच विचारायला लागली, "कुसुम मॅडम कुठी गेल्या?" मला! जिने तिला तिची खुर्ची दाखवली, तिला!

बरं, पोरांचं सोडा. पोरांना काय, हसून बोलणारी दिसली की झालं. माझ्या पोटात दुखत होतं ते वेगळंच. माझ्या पोटात बाबांवरून दुखत होतं.

माझे बाबा म्हणजे बाबनराव पेटीवाले. इंदोऱ्यात, आमच्या वस्तीत, कोणालाही विचारा, घरापर्यंत आणून सोडेल. ईश्वरदासकाकांच्या गायन पार्टीत बाबांनी सारा जन्म पेटी वाजवली. चौदा एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो, बाबांची पेटी आधी एक लांब सूर धरायची, मग काका तोंड उघडायचे, आणि मैदानातली माणसं सतरंजीवर पुढे सरकायची. दोन वर्षांखाली बाबांना लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय शाबूत राहिला. डावा हात गेला.

ज्याला पेटी माहीत नाही त्याला वाटेल, उजवा हात तर आहे ना, मग काय झालं? अहो, पेटीला बोटं उजव्या हाताची आणि श्वास डाव्या हाताचा. मागचा भाता डाव्या हाताने मारायचा, तेव्हा आत हवा भरते, तेव्हा सूर निघतो. डावा हात मेला की पेटी म्हणजे नुसती लाकडाची पेटी.

आणि तो भाता माझा होता. मी लहान असताना बाबा पेटी उघडून एकेक सूर घासून जुळवत बसायचे. त्यात दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून भाता मारायची. "हवा दे, गोपी," म्हणायचे. मी हवा द्यायची. माझं लक्ष दाराबाहेर गेलं, हात ढिला पडला, सूर मधेच मेला, तरी ते कधी रागावले नाहीत. "चालते वं गोपी, चालते," म्हणायचे आणि हसायचे. चालत नसायचं, ते मलाही कळायचं.

झटक्यानंतर मी वाडीहून, माझ्या सासरहून, मुद्दाम आले, पेटी त्यांच्यापुढे ठेवली, आणि डावीकडे बसून भाता धरला. म्हटलं, बाबा, तुम्ही वाजवा, मी हवा देते. एक ओळ वाजवली त्यांनी आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

"सूर जुळवणं वेगळं, वाजवणं वेगळं, गोपी. मी चढतो तवा तू उतरून राहिली. दुसऱ्याच्या श्वासावर कसं वाजवू वं?"

त्या दिवसापासून पेटीवर चादर पडली ती पडलीच. पार्टीत बाबांच्या जागेवर कोणी बसलं नाही. काका नत्थूच्या ढोलकावर तसेच गात राहिले. बाबा खाटेवर पडून ऐकायचे. मैदान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, सगळं ऐकू यायचं. मग ते भिंतीकडे तोंड करायचे.

म्हणून मी कॉम्प्युटरची पेटी केली. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच सुचलं, हे लक्षात ठेवा. क्लासमध्ये शिकवणं झालं की मी बसायची. कॉम्प्युटरच्या कळा म्हणजे पेटीच्या पट्ट्या. इथे भाता मारायचं काही काम नाही, बोट ठेवलं की सूर. प्रिंटर जिथे जोडतात तिथे एक छोटा डबा जोडला, डब्यातून वायर भोंग्याच्या अॅम्प्लिफायरला. प्रोग्रामचे दोन तुकडे केले. एकाचं नाव 'पेटी', तो कोणती कळ दाबली ते पाहायचा. दुसऱ्याचं नाव 'नाद', तो डब्यातून आवाज काढायचा. नाद एकदा मेमरीत जाऊन बसला की मशीन बंद करेपर्यंत तिथून हलायचा नाही. पेटीने सांगावं, नादाने वाजवावं. नाद लिहिताना माझे केस पांढरे व्हायचे राहिले.

बाबांना रिक्षात घालून क्लासला आणलं. रविंद्रने उचलून जिन्यावरून वर नेलं. बाबांनी एका हाताने वाजवलं. पुन्हा वाजवलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"सूर बरोबर आहेत वं," बाबा म्हणाले. "एकही हलत नाही. पण याच्यात श्वास नाही. भोंग्यावानी वाजते."

खरं होतं. पेटीचा सूर भात्याबरोबर फुगतो, ओसरतो, गाणाऱ्यासोबत दम टाकतो. माझा नाद एकदा सुरू झाला की एकाच आवाजात, सरळ, कापडावर कात्री चालावी तसा. मी म्हटलं, करते बाबा काहीतरी. दिवसभर क्लास, मग वाडीला घर, सासू, आमच्या ह्यांचा गोडाऊनचा डबा. करते म्हटलं आणि डोकं चालेना.

डोकं चाललं ते कुसुमचं. अर्थात!

एकदा मी सकाळीच इंदोऱ्याला गेले, तर बाबा खाटेवर उठून बसलेले. दाढी केलेली. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "गोपी, आत्ता खरी पेटी वाजली वं!"

"कोणती पेटी?"

"तू वाडीले होती ना काल, तवा कुसुम मले बर्डीले घेऊन गेली. तिनं तुह्या मशीनले भाता लावला. पायाचा भाता. हा पाय असा दाबला का सूर फुगते, सोडला का बसते." बाबा उजवा पाय खाटेखाली जमिनीवर दाबून दाखवत होते. "चारच सूर होते, पण जिवंत होते."

आत्ता वाजली! म्हणजे आधी वाजली ती काय होती, मांजर? आणि कुसुम चहा घेऊन आली, डोक्यावर पदर, "ताई, बसा ना," म्हणे. शेजारच्या तुळसाबाईंच्या मोडक्या शिलाई मशीनचा पायटा, पायाने दाबायची ती लोखंडी फळी, तिने मागून आणला होता. त्याला रेडिओचा आवाज लहानमोठा करायचं बटण बसवलं, बटणाची वायर कॉम्प्युटरला, आणि त्यावर चारच सुरांचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव काय ठेवलं? 'भाता'.

भाता! बाई, जगात दुसरी जागा नव्हती का तुला? ढोलक करायचा, झांज करायची. नेमकी बाबांच्या शेजारची ती जागा. माझ्या अंगाची अशी लाही झाली की चहा तसाच ठेवून मी म्हटलं, मला उशीर होतोय. बसस्टॉपपर्यंत मनातल्या मनात तिला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. वाईट याचं वाटत होतं की पायटा खरंच चांगला होता. मला सुचायला हवा होता.

पुढच्या रविवारी क्लास बंद होता तेव्हा दोन्ही जोडायचं ठरलं. माझी पूर्ण पेटी आणि तिचा भाता. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती, आणि काका बाबांना म्हणून गेले होते, "यंदा तुम्ही बसले तर बसले, बाबनराव. नाही तं मी पार्टीत नवीन पोट्टा घेऊन राहिलो. किती दिवस जागा रिकामी ठेवू गा?" तेव्हापासून बाबा रोज दाढी करायला लागले होते.

मी पेटी लोड केली. तिने तिची फ्लॉपी टाकून भाता लोड केला. बाबांनी कळ दाबली, आणि त्या डब्यातून जो आवाज निघाला! अमरावती रोडवर दोन ट्रक समोरासमोर येऊन कर्णे दाबून बसावेत तसा. बाबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पडदा थिजला. कोणतीही कळ दाबा, काही नाही.

"काय केलं वं तू?" मी.

"मी काहीच नाही केलं, ताई. माहा तं एकटा चांगला चालते."

"अन् माहा काय वाईट चालते?"

तिची फ्लॉपी उघडून पाहिली. तिच्या भात्याच्या पोटात माझा नाद बसलेला! उचलून घेतलेला, वर त्यात आवाज लहानमोठा करायची तिची भर घातलेली.

"आवाज काढाले काही तरी लागनच ना," ती म्हणाली. "म्हणून तुमचाच घेतला."

"विचारलं?"

"तुम्ही वाडीले होत्या."

मी नेहमी वाडीलाच असते. तोच तर तिचा फायदा. पण झालं काय ते दोघींनाही कळलं. माझी पेटी येताना एक नाद घेऊन आली, तिचा भाता येताना दुसरा. दोघेही मेमरीत जाऊन बसले. डबा एक, आणि दोघेही समजतात की आपण एकटेच आहोत. मग हा ढकलतो आपला आवाज, तो ढकलतो आपला. नाद एकच पुरतो. पण दुसरा आत शिरताना दारात विचारतच नाही, की आत आधीच कोणी आहे का.

बाबा म्हणाले, "भांडण घरी जाऊन करा. मले भूक लागली."

घरी आलो. मी सवयीने चुलीकडे गेले. माहेर आहे माझं, कोणाला विचारायचं? कुसुमने सकाळचं वरण चुलीवर उकळायला ठेवलं होतं, मी मीठ टाकलं, हलवलं, पानं वाढली. रविंद्रने पहिला घास घेतला आणि तोंड असं केलं की मला वाटलं खडा लागला. बाबा तांब्याभर पाणी प्यायले.

"कुसुम, मीठ..." मी म्हटलं.

"मी तं सकाळीच टाकलं होतं, ताई."

"मंग झाकण उलटं काहून नाही ठेवलं?"

ती मलाच विचारते, कोणतं झाकण? तेव्हा माझ्या लक्षात आलं, हिला कोणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? आई तर हिच्या लग्नाआधीच गेली. आमच्या आईचा, इंदूबाईंचा नियम होता. आमच्या स्वयंपाकघरात आजी, आई, आत्या, मी, चौघींचे हात फिरायचे. जिने वरणात मीठ टाकलं तिने मिठाच्या बरणीचं झाकण उलटं ठेवायचं. दुसरी आली की आधी झाकण पाहायची. उलटं दिसलं तर हात मागे. जेवणं झाली की झाकण पुन्हा सुलटं. कोणी कोणाला हाक मारायची नाही, विचारायचं नाही, तरी वरण आमच्याकडे कधी खारट झालं नाही.

हे मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. चार वर्षं या घरात राहून एवढं माहीत नाही, अशा सुरात. आणि सांगता सांगता माझ्याच डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडलं. पण मी उघडलं, तोवर ती बोलून मोकळी!

"ताई, नादाले असंच झाकण ठेवलं तं?"

मी आधी विचार केला होता. शपथेवर सांगते. तिने फक्त आधी बोलून दाखवलं. रविंद्र लगेच, "वा कुसुम!" बाबा लगेच, "हुशार आहे पोरगी." आणि ज्या पोरीने झाकणाची गोष्ट सांगितली ती तिथेच बसली होती, खारट वरण घेऊन.

पण लिहिलं मी, दोन्ही नादांत. तिला मी हात लावू दिला नाही. नाद मेमरीत बसला की एका ठरलेल्या जागी खूण करायची: झाकण उलटं. नंतर दुसरा कोणी नाद आला की त्याने बसण्याआधी तिथे डोकवायचं. खूण दिसली तर आत शिरायचं नाही, आल्या वाटेने परत. बोलावणाऱ्याने आत बसलेल्याकडूनच काम करून घ्यायचं. आणि परत जाताना पडद्यावर एक ओळ उमटवायची. ती ओळ मी इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत लिहिली: मीठ टाकलेलं आहे. कुसुम हसली. मीही हसणार होते, पण ती आधी हसली म्हणून नाही हसले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी क्लासवर तालीम होती. बाहेर उन्हाने डांबर मऊ पडलेलं, आत कूलर घरघरतोय. काका आले, नत्थू ढोलक घेऊन आला, बाबांना खुर्चीत बसवलं, उजव्या पायाखाली पायटा ठेवला. मशीन सुरू होताना कोणता प्रोग्राम आधी घ्यायचा, कोणता मग, ते दोन ओळींत लिहून ठेवावं लागतं. कुसुम लिहायला बसली, आणि उठून मला म्हणाली, "ताई, तुमचं आधी."

"काहून?"

"मान तुमचा. तुम्ही लेक आहे या घरची."

आमच्यात आहे तसं. घरात काहीही नवं आलं, रेडिओ असो की पंखा, माहेरी आलेल्या लेकीचा हात आधी लागतो. हे बरं माहीत होतं तिला! झाकण माहीत नव्हतं, हे माहीत होतं. पण मला काय गोड वाटलं म्हणून सांगू. वरच्या ओळीत माझी पेटी, खालच्या ओळीत तिचा भाता. मशीन सुरू केलं. माझी पेटी आली, माझा नाद आत बसला. मग तिचा भाता आला, त्याच्या नादाने दारातून डोकावलं, आणि पडद्यावर ओळ आली: मीठ टाकलेलं आहे. गेला परत! माझा आत, तिचा बाहेर. खरं सांगते, नवीन साडी मिळाल्यावरही मला एवढा आनंद झाला नसता.

बाबांनी सूर धरला. आवाज स्वच्छ. कर्णा नाही, काही नाही. काकांनी मान हलवली. बाबांनी पाय दाबला.

सूर फुगला नाही.

पाय सोडला. सूर बसला नाही. सरळ, कात्री चालावी तसा.

मला क्षणात कळलं. आवाज लहानमोठा करायची भर तिच्या नादात होती, माझ्यात नव्हती. आत बसला माझा, आणि माझ्या नादाला पायट्याची भाषाच येत नव्हती. मी कुसुमकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, बाबांकडे पाहिलं आणि मिटलं.

"कसं आहे, बाबनराव?" काकांनी विचारलं.

"चालते," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हसले. "चालते वं गोपी. मले चालते."

ते हसणं मला ओळखीचं नव्हतं असं कसं म्हणू? माझा हात ढिला पडून सूर मरायचा तेव्हाचं ते हसणं. आणि खाली त्यांचा पाय दाबत होता, सोडत होता, दाबत होता, सोडत होता. हवा कुठेच नव्हती. काका गात होते, बाबा मागे ओढल्यासारखे वाजवत होते, एका कडव्यानंतर काकांनी नत्थूकडे पाहिलं आणि नत्थूने मान खाली घातली.

जिन्यावर मी कुसुमला गाठलं. "तुले समजलं होतं ना? मंग बोलली काहून नाही?"

"बाबानं डोळ्यानं नाही म्हटलं."

घ्या! आता डोळ्यांनीही बोलणं होतं यांचं. सासरा-सून! आम्ही बापलेक आयुष्यभर तोंडाने बोलत आलो, आणि ही डोळ्यांवर पोचली. मला तिथेच, जिन्यावर, रडू आलं. मी तिच्यामुळे रडतेय असं तिला वाटलं असणार. वाटू दे. तिच्यामुळेच रडत होते.

वाडीला गेले, स्वयंपाक केला, सासूशी बोलले, कशात लक्ष नाही. उपाय सोपा होता. दोन ओळी, खालची वर, वरची खाली. तिचा भाता आधी आला तर तिचा नाद आत बसेल. माझ्या पेटीला कोणताही नाद चालतो, ती त्याच्याकडून काम करून घेईल. फक्त माझा नाद, ज्याच्यासाठी मी डोळे फोडून घेतले, तो दारातून परत जाईल. रोज. प्रत्येक वेळी. आणि परत जाताना मीच शिकवलेली ओळ म्हणेल.

आणि वाटलं, मी तरी दुसरं काय करते? इंदोऱ्याला जाते, दारातून डोकावते. बाबांना औषध दिलेलं असतं, दाढीचं पाणी ठेवलेलं असतं, पेपर वाचून दाखवलेला असतो. मी पिशवीतले संत्रे ठेवते आणि वाडीच्या बसला लागते.

दुसऱ्या दिवशी सांजेला मैदानात मंडप भरला होता. स्टेजवर पांढरं कापड, मधे काका, उजवीकडे नत्थू, आणि डावीकडे एका टेबलावर क्लासमधून आणलेला कॉम्प्युटर. पोरं तर गाणं सोडून कॉम्प्युटर पाहायलाच आली होती. रविंद्रने बाबांना आणून बसवलं. पांढरा सदरा, निळा रुमाल. मी मशीनपुढे वाकले आणि दोन ओळी उलट्या केल्या.

कुसुमने मागून पाहिलं. "ताई, काय करून राहिल्या? मान तुमचा..."

"चूप बस वं," मी म्हटलं. "मान घेऊन चाटू का?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. मंडप शांत झाला. बाबांनी बोटं कळांवर ठेवली, आणि माझ्याकडे, म्हणजे त्यांच्या डावीकडे, जिथे मी लहानपणी बसायची तिकडे मान वळवून हळूच म्हणाले, "हवा दे, गोपी."

सवयीने म्हणाले असतील. झटक्यानंतर कधी कधी होतं तसं, जुनं नवं एकत्र. मला माहीत नाही. मी मशीन पुन्हा सुरू करायची कळ दाबली. कुसुमचा भाता आला. कुसुमचा नाद बसला. माझी पेटी आली, आणि तिच्यामागून आलेला माझा नाद दारात उभा राहून, डोकावून, परत गेला. पडद्यावर ओळ आली. मीठ टाकलेलं आहे.

बाबांनी पाय दाबला आणि सूर उठला. फुगला, मंडपाच्या कनातीपर्यंत गेला, आणि पाय सोडला तसा हळूच खाली आला. काका तोंड उघडायचं विसरले. मग उघडलं, आणि बाबा त्यांच्यासोबत चढले, त्यांच्यासोबत उतरले, जिथे ते दम घेत तिथे यांनी दम घेतला. माणसं सतरंजीवर पुढे सरकली. मी बाबांच्या तोंडाकडे पाहायला हवं होतं. मी त्यांच्या पायाकडे पाहत होते. त्या पायट्याकडे. एवढा आनंद आणि एवढी जळजळ एकाच वेळी छातीत मावते, हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यक्रम संपल्यावर काका येऊन बाबांना मिठी मारून म्हणाले, "पुढच्या खेपेले लवकर या गा, सूर जुळवाले." नवीन पोट्ट्याचं नाव कोणी काढलं नाही. लोक बाबांभोवती गोळा झाले, बाबा बोट करून दाखवत होते, "हे माही लेक, हे माही सून," आणि लोक म्हणत होते वा वा, आणि वा वा दोघींत वाटून मिळत होतं. मला वाटून मिळालेलं काही नको होतं. मी घराकडे निघाले, म्हटलं, पानं घेते.

घरात शिरले. चुलीतला जाळ बसलेला, वरण झाकून ठेवलेलं, निखाऱ्यावर गरम. कुसुम मैदानात जायच्या आधी सगळं करून गेली होती, तेही जमतंच तिला. मी पानं मांडली, वरणाचं पातेलं उतरवलं, आणि हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. मग आठवलं. हात मागे घेतला, झाकण पाहिलं.

झाकण सुलटं होतं.

विसरली, मला वाटलं. हुशार पोरगी शेवटी विसरली! मी चमच्याने थेंबभर वरण तळहातावर घेऊन चाखलं. अळणी. मीठ टाकलंच नव्हतं.

तेवढ्यात ती दारात आली, बाबांची काठी हातात घेऊन. मी बरणीजवळ उभी पाहून थांबली.

"वरणात मीठ नाही टाकलं?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलं."

माझ्या डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं. मी तिच्याकडे पाठ केली, मूठभर मीठ घेतलं, जास्त होईल म्हणून अर्धं परत टाकलं, वरण हलवलं आणि बरणीचं झाकण उलटं ठेवलं. बाहेर बाबांची रिक्षा आल्याचा आवाज आला. मी पानं वाढायला घेतली, आणि मनात एकच, की हेही हिलाच सुचावं!